वरातीची घोडी

सुटका करून आणलेल्या प्राण्यांच्या आश्रमात आम्ही तिघं रविवारी मुद्दाम भेट द्यायला गेलो होतो. मी, नवरा आणि आमची सात वर्षांची मुलगी. कडुनिंबाखाली एक म्हातारी पांढरी घोडी उभी होती. तिचे गुडघे सुजले होते. ती आयुष्यभर लग्नाच्या वरातीत नाचली, असं तिथल्या ताईंनी सांगितलं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. त्याच्या रिंगटोनला ताशाचा ठेका आहे. घोडीने कान टवकारले आणि एक पाय उचलला. मग दुसरा.

"बाबा, नाचतेय ती! पुन्हा लाव ना!" मुलगी ओरडली. त्याने हसत पुन्हा लावला. मीसुद्धा मोबाईल काढून शूटिंग करू लागले.

"बंद करा हो ते!" ताई धावत आल्या. "थांबलं तर मार बसेल, असं वाटतं तिला."

ठेका बंद झाला, पण पाय थांबले नाहीत. आमच्या वरातीतही अशीच एक घोडी होती. तिची जरीची झूल मला अजून आठवते, डोळे मात्र आठवत नाहीत. माणसाला आनंद झाला, की तो कुणाच्या पाठीवर बसलाय हे त्याला दिसेनासं होतं. आज तर आम्ही कळवळ्याने आलो होतो.

"आई, आता ती कुणासाठी नाचतेय?" मुलीने विचारलं.

नवऱ्याने घोडीच्या मानेवर हात ठेवला. ती दचकली, तसा त्याने तो मागे घेतला. मग तिचे पाय थांबेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.