आधी कल्ले दाखवा

डॉ. हेमलता वैती यांच्या साठीनिमित्त गौरवग्रंथ काढायचा आम्ही घाट घातला, तेव्हा त्यांनी आधी साफ नकार दिला आणि मग एक अट घातली. ग्रंथात लिहिणाऱ्या प्रत्येकाने वैतींचं काय चुकलं ते लिहायचं, नुसतं कौतुक चालणार नाही. संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठांनी हे प्रथेला धरून होणार नाही असं सुचवून पाहिलं. त्यावर मॅडमनी त्यांना शांतपणे सांगितलं की मग प्रथेचीच साठी साजरी करा, माझी राहू द्या. अट मी पाळणार आहे. फक्त गौरवलेखाची सुरुवात पहिल्या ओळखीने करतात, तेवढी प्रथा मी ठेवते.

मी मुलुंडची. शिक्षण संपवून अंधेरीच्या एका मोठ्या रुग्णालयात, शरीराच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणाऱ्या इम्युनॉलॉजी विभागात मुलाखतीला गेले होते. समोर विभागप्रमुख म्हणून मॅडम. सुती साडी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, आणि चष्म्यावरून बघायची ती नजर, जिने पुढे आम्हा सगळ्यांना घाम फोडला. मी माझे प्रयोग, आलेख, निष्कर्ष धडाधड सांगून मोकळी झाले. त्यांनी विचारलं की यात फसलं काय. मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, काहीच नाही.

"मग तू काही केलंच नाहीस ना," मॅडम म्हणाल्या.

मनात म्हटलं, वाट लागली. तरी नोकरी मिळाली. का मिळाली हे कधी विचारलं तर त्या म्हणतात की तुझा चेहरा पडला होता, म्हणजे शिकण्यासारखी होतीस.

महासाथीत सगळं जग पडद्यावर आलं आणि ऑनलाइन परिसंवादांचं पीक आलं. प्रयोगशाळेत सापडलेलं रुग्णाच्या खाटेपर्यंत कसं न्यायचं, हा आमच्या शास्त्रातला सगळ्यात अवघड प्रश्न. पण परिसंवादांत तो कुणालाच अवघड गेलेला दिसत नसे. प्रत्येक औषध लागू पडलेलं, प्रत्येक आलेख वर चढलेला. एकदा असाच एक परिसंवाद ऐकून मॅडमनी लॅपटॉप मिटला आणि आम्हाला विचारलं की एवढे सगळे जर बरे होतायत, तर आपल्या ओपीडीबाहेर जिन्यापर्यंत बसलेत ते कोण? त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी स्वतःचा परिसंवाद सुरू करायचं ठरवलं. महिन्यातून एका रविवारी, सकाळी, रुग्णालयाच्या सभागृहातून ऑनलाइन, मराठी-हिंदीत आणि लागेल तिथे इंग्रजीत. तालुक्याच्या डॉक्टरपासून रुग्णाच्या नातेवाइकापर्यंत सगळ्यांना दार उघडं. नियम एकच. वक्त्याने आपलं फसलेलं आधी दाखवायचं आणि जमलेलं नंतर. फसलेलं काहीच नसेल, तर बोलायला यायचं नाही.

हा नियम मनोरीचा आहे. मॅडम मनोरीच्या कोळीवाड्यातल्या. तिथे त्या मला पहिल्यांदा घेऊन गेल्या तेव्हा माझा मुक्काम रडण्याच्या काठावर होता. संधिवाताच्या कुठल्या रुग्णाला कुठलं औषध लागू पडेल हे रक्तावरून आधीच सांगणारी एक चाचणी मी बरीच वर्षं उराशी धरून बसले होते आणि ती साफ कोसळली होती. मी राजीनामा लिहून दिला. मॅडमनी तो पर्समध्ये टाकला आणि रविवारी मार्वेच्या जेट्टीवर यायला सांगितलं. तरीतून खाडी ओलांडून पलीकडे गेलो. मॅडमच्या आई बाजारात मासळी घेऊन बसल्या होत्या आणि शेजारी नवीनच बसायला लागलेली नातसून होती. गिऱ्हाईक आलं की ती आधी भाव सांगायची. आजींनी तिच्या हातातली सुरमई घेतली, अंगठ्याने डोक्यामागचे कल्ले उघडले, आतला ताज्या मासळीचा लालभडक रंग गिऱ्हाइकाला दाखवला आणि तिला म्हणाल्या, "कल्ले दाखव आधी, मंग भाव बोल." दुसऱ्या एका माशाचे कल्ले फिकट निघाले. तोही त्यांनी तसाच उघडून दाखवला आणि हा कालचा आहे म्हणून बाजूला ठेवला. कुणी विचारलंही नव्हतं.

परतताना मॅडम माझी समजूत घालतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की पुढच्या रविवारी दुसरी वक्ता तू. मी म्हटलं, माझ्याकडे जमलेलं काहीच नाही. त्या म्हणाल्या, मग लवकर संपेल. मी बोलले. संपल्यावर दुसऱ्या शहरातल्या एका संशोधकांनी माईक सुरू केला आणि सांगितलं की आम्ही हीच चाचणी याच वाटेने करायला निघालो होतो, आता वाट बदलतो. राजीनामा मला सोमवारी परत मिळाला. त्यावर मासळीचा वास होता.

तो परिसंवाद आमचा पहिलाच होता. पहिल्या वक्त्या स्वतः मॅडम होत्या आणि त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं, तेच या लेखात अटीप्रमाणे सांगायचं आहे.

साकीनाक्याला लोखंड कातणाऱ्या लेथ मशीनच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या गावडे यांच्या पत्नी रेश्माताई आमच्याच रुग्णालयात बाळंत झाल्या. बाळाला सगळ्या बाळांना देतात ती क्षयाची लस दिली गेली. ती लस चांगली आहे, असंख्य मुलांना तिने वाचवलंय, आणि मॅडम हे प्रत्येक वेळी आधी बजावतात. पण क्वचित एखादं बाळ प्रतिकारशक्तीशिवायच जन्माला येतं. अशा बाळाच्या अंगात लसीतले जिवंत जंतू पसरतात. गावड्यांच्या बाळाचं तेच झालं. ते आमच्या विभागात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. ते गेलं. नंतर बोलता बोलता कळलं की रेश्माताईंचा पहिला मुलगाही गावाकडे तान्हेपणीच तापाने गेला होता. आधीचं मूल असं गेलेलं असेल, तर लस थांबवून आधी रक्त तपासायचं असतं.

नवजात बाळांच्या तपासणीची पद्धत आमच्या रुग्णालयात मॅडमनीच घालून दिली होती. त्यात भारी भारी चाचण्या होत्या, यंत्रं होती, रक्ताच्या पेशींची मोजणी होती. आधी एखादं मूल तान्हेपणी गेलं का, हा आईला विचारायचा एक साधा प्रश्न तेवढा नव्हता. ही चूक वैतींची. रक्त वाचणाऱ्या माणसांकडूनच ती होऊ शकते, कारण बोलण्यापेक्षा रक्तावर आमचा विश्वास जास्त.

मॅडमनी साकीनाक्याला जाऊन गावडे पतिपत्नींना हे सगळं सांगितलं होतं, आणि ही चूक चारचौघांत सांगण्याची परवानगी मागितली होती. रेश्माताईंनी ती दिली, वर स्वतःही ऐकायला येणार म्हणाल्या. त्या सकाळी त्या नवऱ्याच्या कारखान्यातूनच मोबाइलवर जोडल्या गेल्या. मागे मशीनची घरघर होती. मॅडमनी बोलायला सुरुवात केली तशी ती बंद झाली. गावड्यांनी मशीन थांबवली होती. मॅडमचं बोलून झालं. तेव्हा रेश्माताई बोलल्या.

"माका तेव्हा कोणीच इचारूक नाय, डॉक्टर. आता तुम्ही सगळ्यांका इचारा."

गौरवग्रंथात भांडण आणू नये म्हणतात. मी आणणार आहे, कारण भांडणाशिवाय मॅडमची ओळख पुरी होत नाही. पुढच्या आठवड्यात व्यवस्थापनाने त्यांना बोलावलं. परिसंवाद उत्तम आहे, प्रायोजकही यायला तयार आहेत, फक्त त्या बाळाचा भाग ध्वनिचित्रफितीतून काढा आणि ते फसलेलं-बिसलेलं जरा आवरा, रुग्णालयाची बदनामी होते, असं त्यांचं गोड बोलणं होतं. मी शेजारी बसले होते. मॅडमनी चहा पुरता संपवला. मग म्हणाल्या, "मासळी विकायची आणि कल्ले झाकायचे, हे आमच्या घरात कोणी केलं नाही. ते बाळ काढायचं असेल, तर आधी मला काढा."

काढलं नाही, तेवढी हिंमत नव्हती. तो प्रश्न आमच्या प्रसूतिविभागात मॅडमनी रेश्माताई बोलल्या त्याच दिवशी सुरू करवला होता, तोही कुणाला थांबवता आला नाही. पण सभागृहाला कुलूप लागलं, परिसंवादाचं ऑनलाइन खातं बंद झालं, आणि प्रायोजक फोन उचलेनासे झाले. आमच्यातल्या काहींनी सबुरीचा सल्ला दिला. मीही दिला. मॅडमनी विचारलं की सबुरी कुणासाठी, पुढच्या बाळासाठी का? त्यानंतर आम्ही कुणी तो शब्द काढला नाही.

मग एक परिसंवाद मनोरीच्या घरातून झाला. नेटवर्क भरतीसारखं यायचं आणि ओहोटीसारखं जायचं. त्यानंतर बोरिवलीतल्या एका क्लासवाल्यांनी रविवारी सकाळी आपली खोली दिली. फळ्यावर आदल्या दिवशीचं बीजगणित तसंच असे. परदेशातल्या एका नामवंत प्राध्यापकांनी एकदा अतिशय गांभीर्याने विचारलं की मागचं समीकरण प्रतिकारशक्तीच्या कुठल्या प्रारूपाचं आहे. दहावीचं आहे, मॅडमनी सांगितलं, आणि त्यांना त्यांचं फसलेलं सांगायला लावलं. त्यांनी सांगितलं, आणि मनापासून सांगितलं. मॅडमना माईक बंद ठेवूनच लोकांना रागवायची सवय आहे. एरवी तो दोष म्हटला असता, पण त्यामुळे बरेच वक्ते वाचलेत.

आता ज्यासाठी हे सगळं चाललं होतं, ते सांगते. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ असलेले एक डॉक्टर आमचे नेमाचे श्रोते. ते कधी बोलत नसत. एकदा त्यांनी आपण होऊन वेळ मागितली. नियमाप्रमाणे आधी फसलेलं सांगितलं. एका बाईचं पहिलं तान्हं मूल त्यांच्याच हातात गेलं होतं आणि त्यांनी तापाने गेलं म्हणून विषय संपवला होता. पुढे तीच बाई बाळंत झाली. या वेळी लस द्यायच्या आधी त्यांना रेश्माताईंचा आवाज आठवला. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना न विचारताच ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते घाबरले. लस थांबवली, मॅडमना फोन केला, रक्त मुंबईला पाठवलं. बाळाला प्रतिकारशक्ती नव्हती. वडिलांच्या अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं. मधले महिने फार वाईट होते आणि ते त्यांनी गाळले नाहीत. बाळ जगलं. आता ते अंगणवाडीत जातं आणि खाऊसाठी भांडतं.

साकीनाक्याहून रेश्माताईंनी माईक सुरू केला आणि बाळाचं नाव विचारलं. रुग्णाचं नाव घ्यायचं नाही हा आमच्या शास्त्राचा दंडक. डॉक्टर अडखळले. तेवढ्यात त्यांच्या शेजारी बसलेली ती आईच पुढे आली आणि तिने आपल्या मुलाचं नाव स्वतः सांगितलं. रेश्माताईंनी ते एकदा हळूच म्हणून पाहिलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मी रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

मॅडम आता निवृत्त होतायत. व्यवस्थापनाचा पुन्हा निरोप आला आहे. सभागृह देतो, खातं देतो, परिसंवादाला वैतींचं नावही देतो, पण ते जुनं प्रकरण मात्र नको. मॅडमनी उत्तर माझ्याकडूनच पाठवलं: नाव नको, प्रकरण राहील. वैती गेल्या की हे खूळही जाईल, असा कुणाचा हिशेब असेल तर तो इथेच चुकला म्हणून समजा. बोरिवलीची खोली आमची आहे, फळा पुसायलाही आम्ही आहोत, आणि प्रत्येक परिसंवादाची सुरुवात त्या बाळाच्या गोष्टीनेच होणार आहे. ज्यांना पडद्यावर फक्त वर चढणारे आलेख बघायचे असतील, त्यांनी दुसरीकडे बघावं.

या ग्रंथासाठी मॅडमना काय शुभेच्छा द्याल, असं मी रेश्माताईंना विचारायला कारखान्यात गेले. मशीन सुरूच होती, म्हणून त्या कानाजवळ येऊन बोलल्या.

"बाईंका उदंड आयुष्य गावांदे, हातपाय धड रवांदे. आणि इचारूचा थांबवू नका म्हणान सांगा."

मॅडम, सांगितलं. आमचंही तेच मागणं आहे. धडधाकट राहा, खूप जगा, आणि आमचे कल्ले तपासत राहा.