मुकटा नेसून दोरावर

लष्करात अधिकारी व्हायच्या निवडीसाठी मला बोलावणं आलं, तेव्हा माझी तब्येत अशी होती की जोरात शिंक आली तर भिंत धरावी लागे. बाबा ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. त्यांनी चष्मा पुसून पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "जाऊन ये. नाहीच जमलं तर साहेबांच्या कानावर घातलंय, जूनपासून माझ्या शेजारच्या टेबलावर बस." त्या टेबलाला मी जितका घाबरलो, तितका पुढे गोळीलाही घाबरलो नाही.

हातात तीन महिने होते. ओळखीतला एकजण आदल्या वर्षी दोर चढता न आल्यामुळे परत आला होता, म्हणून मी दोरच धरला. कोपरीतल्या आमच्या घरामागे फणसाचं झाड होतं, पण दोर नव्हता. खाडीवरच्या एका कोळीदादांनी होडीचा जुना दोर आनंदाने दिला. आईने नाकाला पदर लावून तो फाटकाबाहेरच अडवला. मग उरला विहिरीचा जादा दोर. तो सोवळ्यातला.

"घे," आई म्हणाली. मला आश्चर्यच वाटलं. "पण आंघोळ करून, मुकटा नेसून चढायचं. आणि कुणाला शिवायचं नाही."

फणसावर मला कोण शिवणार होतं, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

तिने आजोबांचा पूजेला धोतरासारखा नेसायचा रेशमी मुकटा काढून दिला. आजोबा माझ्या खांद्याला लागत. त्या आखूड मुकट्याचा कासोटा धड खोचलाच जाईना. जरा वर गेलो की तो सुटे. मग मी एका हाताने कंबर धरी, दुसऱ्याने दोर, आणि बाकी सगळं पायांवर सोपवी. मासळीची पाटी घेऊन जाणारी एक कोळीण आजी रोज सकाळी कुंपणाशी थांबे. "काय रं पोरा, तुमचा देव झारावर बसवलाय काय?" मी उत्तर देत नसे. बोललो की श्वास सुटे आणि श्वासाबरोबर कासोटा.

आई मागच्या दारातून विचारी, "झालं का समाधान?" मी नाही म्हणे. ती आत जाई. मला वाटे, किती काळजी आहे हिला माझी.

निवडीच्या मैदानावर अंगात खाकी अर्धी चड्डी होती, वर पट्टा. दोन्ही हात मोकळे असण्याची चैन मला ठाऊकच नव्हती. परीक्षा घेणाऱ्या लष्करी साहेबांनी मान वर करेपर्यंत मी दोराच्या टोकाला पोचलो होतो. आणि तिथे, सगळ्यांच्या देखत, माझा डावा हात आपोआप कंबरेवर गेला. उतरेपर्यंत तो तिथेच होता.

"पेट में दर्द है क्या?" साहेबांनी विचारलं.

"नहीं साहब. मुकटा."

मुकटा म्हणजे काय, हे मला माझ्या हिंदीत समजावून सांगावं लागलं. विहीर, सोवळं, आजोबांची उंची, सगळं. साहेब तोंडावर रुमाल धरून पाठमोरे झाले. चार दिवसांनी निवडलेल्यांत माझा नंबर पुकारला.

घरी सांगितलं तेव्हा बाबा पेढे आणायला पिशवी शोधू लागले. आई उठून आत गेली आणि एक कोरा मुकटा आणून तिने माझ्यापुढे ठेवला. चांगला लांबरुंद.

"हा घरात होता," ती म्हणाली. "आखूड मी मुद्दाम दिला. कंटाळशील, सोडून देशील, इथेच राहशील असं वाटलं रे."

मला हसू आवरेना. ती रडतेय हे जरा उशिरा दिसलं आणि माझी मलाच लाज वाटली. तीन महिने मी आईशीच झुंजत होतो.

निघताना माझी ट्रंक तिनेच भरली. मुक्कामाला पोचून उघडली, तर सगळ्यात वर आजोबांचा मुकटा. त्याला तिने कोऱ्या मुकट्यातला हातभर तुकडा कापून जोडला होता, बारीक टाके घालून. जोड दिलेलं वस्त्र सोवळ्याला चालत नाही, हे मला तिनेच शिकवलं होतं.