देल्फिना कुठे राहते

देल्फिना बार्रागानला कोणी पत्ता विचारला की ती समोरच्या घराकडे बोट दाखवायची. "तिथे." ते घर ओतिलियाबाईंचं. देल्फिना राहायची त्या घरामागच्या गॅरेजात.

आमच्या गल्लीत निम्म्या गॅरेजांत माणसं राहतात आणि गाड्या रस्त्यावर झोपतात. लॉस एंजेलिसच्या या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, फक्त नगरपालिकेला कळू द्यायचं नसतं. बाहेरून शटर तसंच ठेवायचं, आतून भिंत बांधायची. शटरसमोर एक खटारा उभा करायचा. टपाल समोरच्या घराच्या पेटीत. शाळेत बाईंनी विचारलं तर "मावशीकडे राहतो." आणि तपासनीस येणार असं कळलं की घराचं पुन्हा गॅरेज करायचं: शेगडी काढायची, संडासाचं भांडं उपटायचं, आत रंगाचे डबे आणि एखादी सायकल टाकायची. दोन दिवसांनी सगळं परत जागेवर. वर्षानुवर्षं हेच चालत आलंय आणि यातच देल्फिनाचं घर जाता जाता राहिलं.

देल्फिना सीमेपलीकडच्या साकातेकासच्या एका कोरड्या खेड्यातून विशीत इथे आली. जीन्सच्या कारखान्यात चेन बसवायची, अजूनही तेच करते. नवरा सुतार. इथे बांधकामं आटली तसा तो नेवाडाला गेला, तिकडे म्हणे घरं उगवत होती. आधी पैसे पाठवायचा, मग नुसता फोन, मग तोही नाही. पोरगी येसेनिया लहान. दोघी एका इमारतीत दोन खोल्यांत राहायच्या. इमारतीला नवा मालक आला, त्याने भिंतींना पांढरा रंग दिला आणि भाडं दीडपट केलं. त्या रंगाची किंमत आमच्या वस्तीत अनेकांनी घर सोडून चुकवली आहे.

तेव्हा ओतिलियाबाई म्हणाल्या, "कोमाद्रे, आमचं गॅरेज रिकामंच आहे."

येसेनियाच्या बाप्तिस्म्याला ओतिलियाबाई धर्ममाता म्हणून उभ्या राहिल्या होत्या. ज्या बाईने तुमच्या लेकराला असं हातावर घेतलं ती तुमची कोमाद्रे. हे नातं सख्ख्या बहिणीहून अवघड. बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी नाही. जन्मभर एकमेकींना "तुम्ही" म्हणायचं आणि पैशाचा विषय तोंडून काढायचा नाही. ओतिलियाबाईंच्या नवऱ्याने, देव त्यांना शांती देवो, गल्लीतल्या पुरुषांना घेऊन रविवारी रविवारी त्या गॅरेजात भिंत, मोरी, ओटा उभा केला. देल्फिना भाडं द्यायची ते पाकिटात घालून, टेबलावर ठेवून, दुसरीकडे बघत. ओतिलियाबाईंनी ते तिच्यासमोर कधी उघडलं नाही.

आता थोडं आमच्या राज्याबद्दल बोलते, कारण त्यावाचून ही गोष्ट कळायची नाही. बाहेरचे म्हणतात, कॅलिफोर्निया श्रीमंतांवर कर लावतं आणि गरिबांना देतं. देतं, नाही कोण म्हणतंय? पण एका हाताने दिलेलं ते घरभाड्याच्या रूपाने दुसऱ्या हाताने काढून घेतं. कित्येक वर्षं इथे घरं बांधूच दिली नाहीत. इतकी जागा मोकळी सोडा, शेजाऱ्यांची हरकत ऐका, गाडी ठेवायची सोय आधी दाखवा. गाडीला छप्पर हवंच, असा नियम होता. माणसाला हवंच, असा कुठे नव्हता. मग माणसं गाडीच्या छपराखाली गेली. जी नाही गेली ती टेक्सासला गेली. तिकडे पगारावर राज्याचा कर नाही आणि घर अजून मिळतं, म्हणून येसेनियाही नवऱ्याबरोबर तिकडे गेली. पण कर कुठून तरी निघतोच. तिकडे तो घरावर जबर लावतात आणि घरमालक तो गुपचूप भाड्यात घालतो. हे येसेनियाने आईला फोनवर कधी सांगितलं नाही. ती सांगायची ती तीन खोल्या आणि अंगण.

आणि आमची घरपट्टी. इथे घर ज्या वर्षी घेतलं त्या वर्षीच्या किमतीवर पट्टी बसते आणि जवळपास तिथेच गोठते. ओतिलियाबाईंनी घर घेतलं तेव्हा या वस्तीत कोणी फुकटही यायला तयार नव्हतं. म्हणून विधवेच्या पेन्शनीत त्या टिकल्या. शेजारी नुकतंच आलेलं जोडपं तसल्याच घरासाठी त्यांच्या दहापट भरतं. बाईंच्या मनात एकच भीती घर करून होती. सरकारला दाखवून साधा खिळा जरी ठोकला तरी आपली गोठलेली पट्टी वितळणार, शेजाऱ्यांइतकी होणार, आणि मग आपल्यालाही टेक्सास.

गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या रस्त्यावर एका गॅरेजात हीटरने पेट घेतला. माणसं वाचली, पण नगरपालिकेने आसपासची सगळी गॅरेजं तपासायला काढली. ओतिलियाबाईंच्या दारावर चिठ्ठी लागली: गुरुवारी तपासनीस येईल.

ओतिलियाबाईंना वाटलं, देल्फिनाला "जा" कसं म्हणू? देल्फिनाला वाटलं, "राहू का?" विचारून यांना कशाला अडचणीत घालू? दोघी सभ्यपणाने गप्प बसल्या. ओतिलियाबाईंनी जावयाला, रोहेलिओला, तोडफोडीला बोलावलं आणि देल्फिनाने खोकी बांधायला घेतली. येसेनियाला कळवूनही टाकलं, "येते."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. भाडेकरूंच्या बैठकीसाठी मी बुधवारी दुपारी ओतिलियाबाईंकडे खुर्च्या मागायला गेले, तर अंगणात मोरीचं सिंक उलटं पडलेलं. शेजारी संडासाचं भांडं. आणि देल्फिना, स्वतः देल्फिना, ओट्याच्या फरशा बादलीत भरून बाहेर आणतेय.

"हे काय चाललंय?"

"काही नाही गं आम्पारो," ओतिलियाबाई म्हणाल्या. "गॅरेज साफ करतोय."

"उद्या तपासनीस आहे," रोहेलिओ आतून ओरडला. "संध्याकाळपर्यंत असं करतो, कुत्रंसुद्धा राहिलं होतं असं वाटणार नाही."

माझं डोकं फिरलं. "हातोडा खाली ठेव! ठेव म्हणते ना! अरे गाढवा, स्वतःच्या हाताने हिचं घर मोडतोयस!"

"शिव्या देऊ नकोस माझ्या जावयाला."

"त्याला एकट्याला नाही देत, ओतिलियाबाई. तुम्हालाही देतेय, फक्त तुमच्या वयाला जरा मान देऊन." मी तिथेच बादलीवर बसले. "कायदा बदललाय. गॅरेजात आधीपासून घर असेल आणि ते राहायला धोक्याचं नसेल, तर आता नगरपालिकेला ते मान्य करावं लागतं. पण आधीपासून घर असेल तर! उद्या तपासनीस येणार, दिसणार काय तर रंगाचे डबे. मग हे गॅरेजच. मग नव्याने नकाशा, नव्याने सगळं. ते परवडणारे का तुम्हाला?"

"मागच्या वेळी आम्ही असंच काढलं होतं आणि वाचलो होतो," देल्फिना हळूच म्हणाली.

"मागच्या वेळी लपवून वाचलात. या वेळी दाखवून वाचायचंय."

ओतिलियाबाई हलेनात. ॲप्रनखाली काही लपवून धरल्यासारखे दोन्ही हात पोटाशी. "दाखवायचं म्हणतेस. आणि पट्टी? सगळ्या घराची पट्टी शेजाऱ्यांइतकी झाली की मी काय खाऊ? तुझ्या बैठका?"

"सगळ्या घराची नाही वाढत. जेवढं नवीन दाखवाल तेवढ्याचीच."

"तू सांगतेस."

"मी नाही, कायदा सांगतो."

"कायदा माझ्या दारात उभा राहून सांगणार आहे का?"

मी फोन काढला आणि काउंटीच्या घरपट्टीच्या कचेरीला लावला. स्पीकर चालू केला. बराच वेळ बाजा वाजत राहिला. रोहेलिओने तेवढ्यात एक अख्खा टाको संपवला. शेवटी एक बाई आली, स्पॅनिश बोलणारी, आवाजावरून जेवणाची सुट्टी हुकलेली. मी काही बोलायच्या आत ओतिलियाबाईंनी फोन हिसकावला आणि स्वतःचं सोडून "माझ्या एका मैत्रिणीचं" म्हणत सगळं विचारलं.

"नाही सेन्योरा," ती बाई म्हणाली, "घराची जुनी पट्टी तशीच राहते. गॅरेजात जे नवीन बांधकाम धरलं जाईल, त्याची किंमत तेवढी वर चढते."

"म्हणजे समोरच्या घराची नाही?"

"नाही."

"नक्की नाही? मैत्रीण विधवा आहे."

"मैत्रीण विधवा असो की नवरी, सेन्योरा, नाही."

ओतिलियाबाईंनी फोन परत दिला आणि पायरीवर अशा बसल्या की मला वाटलं त्या रडणार. त्या रडल्या नाहीत. जावयाकडे वळून म्हणाल्या, "बघत काय बसलास? लाव ते भांडं परत!"

रोहेलिओ काय काय पुटपुटला ते लिहिण्यासारखं नाही. पण अंधार पडायच्या आत भांडं बसलं, सिंक बसलं, फुटलेल्या फरशांच्या जागी शेजारच्या नव्या जोडप्यातल्या नवऱ्याने आपल्याकडच्या उरलेल्या निळ्या फरशा आणून दिल्या. या गॅरेजात माणूस राहतं हे नगरपालिकेला यानेच कळवलं असणार, असा मला मनातून संशय होता. तो मी गिळला.

गुरुवारी सकाळी तपासनीस आली. बलुयोत नावाची बाई, तरुण, हातात टॉर्च. सिंकच्या कडेला बोट लावलं, बोटाला ओलं सिमेंट लागलं. तिने आमच्याकडे पाहिलं. ओतिलियाबाई आकाशाकडे पाहत होत्या.

"इथे कोण राहतं?"

ओतिलियाबाईंच्या तोंडून सवयीने निघालंच, "कोणी नाही, ते आपलं सामान..."

"मी राहते," देल्फिना म्हणाली.

आवाज बारीक होता, पण तिने बोट कुठे दाखवलं नाही. पायाखालच्या जमिनीवर नुसती उभी राहिली. "मी इथे राहते. माझी मुलगी इथे मोठी झाली. काल भीतीने तोडायला घेतलं होतं, मग परत लावलं. म्हणून ओलं आहे."

या एका वाक्यावर तिला संध्याकाळी बसस्टँडवर पाठवता आलं असतं.

बलुयोत बाईंनी टॉर्च फिरवली. वायरी पाहिल्या, तोंड वाकडं केलं. खिडकी पाहिली, मान हलवली. "आग लागली तर या खिडकीतून बाहेर पडता येईल तुम्हाला?"

देल्फिनाने आपल्या अंगाकडे पाहिलं. "विशीत असते तर पडले असते."

बाई हसली. हसली म्हणजे दात दिसले. "खिडकी मोठी करा. वायरी बदला, परवाना असलेल्या माणसाकडून. धुराची घंटा लावा. हा हीटर आज, आत्ता, माझ्यासमोर बाहेर काढा. बाकीच्याला मुदत देते. मान्यतेचा अर्ज करा."

"आणि तोपर्यंत ही कुठे जाणार?" मी विचारलं. माझा सूर भांडायचाच होता, सवय.

"कुठे म्हणजे? इथेच. घर खाली करा असं मी कुठे म्हटलं?"

रोहेलिओने हीटर उचलून अंगणात नेला, तो जणू देवाची पालखी नेतोय इतका हळू. तपासनीसबाई गेल्यावर देल्फिना गॅरेजात गेली, दार लावलं आणि पाच मिनिटं बाहेर आली नाही. आली ती डोळे धुऊन. मग येसेनियाला फोन लावला. "नाही येत, पोरी. नाताळात येईन, पाहुणी म्हणून. नाही, काही वाईट झालं नाही. घर राहिलं." पलीकडून येसेनिया काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण देल्फिना म्हणाली, "तुझं भाडं कधी वाढलं? मग सांगायचं नाही का मला?"

खिडकीच्या खर्चाचा विषय निघाला तेव्हा मी उठायला लागले, कारण कोमाद्रेंच्या पैशाच्या गोष्टी ऐकायच्या नसतात. पण त्या दिवशी दोघी सरळ एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या.

"कोमाद्रे," ओतिलियाबाई म्हणाल्या, "खिडकी, वायरी, वर ती थोडी पट्टी. महिन्याला शंभर वाढवा तुम्ही."

"पन्नास, कोमाद्रे."

"तुमच्या लेकीची धर्ममाता आहे मी!"

"म्हणूनच पन्नास. परक्या असता तर चाळीसच म्हटलं असतं."

"ही हिशेब कुठे शिकली गं, आम्पारो? तूच शिकवलंस ना?"

"मी नाही बाई," मी म्हटलं आणि खुर्च्या उचलल्या. मी फाटकापर्यंत पोहोचले तेव्हा त्या सत्तरवर आल्या होत्या, आणि दोघींपैकी कोण जास्त हसत होती ते रस्त्यावरून ओळखता येत नव्हतं.