संदीपचं ओमानचं दुकान

ओमानचा व्हिसा काल आला. संदीप आज सकाळी गेला.

मिरजेच्या हॉस्पिटलात, ऑक्सिजनवर. हे काय जायचं वय होतं का?

माझा मित्र विट्याचा. घरचा धंदा गलाईचा, सोनं गाळून शुद्ध करायचा. दुकान तमिळनाडूत, समुद्राकाठी. तिथंच हा काइटसर्फिंग शिकला. पायाखाली फळी, कमरेला भला मोठा पतंग, आणि वारा ओढेल तसं पाण्यावरून सुसाट.

भट्टीवरच्या ॲसिडच्या धुरानं फुफ्फुसं खाल्ली. डॉक्टरांनी पाण्यात उतरणं बंद केलं.

"एकदाच, गड्या. लय वारं असंल ओमानला," संदीप म्हणाला.

त्यानंच शोधून काढला तिथला वाळवंटी किनारा. इकडं वाळू, तिकडं समुद्र, मधे वस्ती नाही.

मी चिडलो. "दम लागला तर उचलणार कोण तिथं?"

"तू हाईस की."

घरी त्यानं सांगितलं, ओमानला नवं दुकान टाकतोय. विट्याचा माणूस लांब निघाला तर दुकानासाठीच, दुसरं कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही.

इथंच फसलो. नवं दुकान बापानं बघितल्याशिवाय त्यांच्यात उघडत नाहीत. त्याचे वडील, नाना, थेट माझ्या मलकापूरच्या घरी हजर. आम्ही मॅप उघडून बसलेलो.

"सोनार किती हायत तिथं?"

संदीप मॅपवरची रिकामी वाळू सरकवत राहिला. मी चहा सांगायला उठलो.

"पेठ कुठली? मीबी येतो बघाय."

"नाना, दुकान न्हाई तिथं," संदीप म्हणाला. "माणूसबी न्हाई. नुसतं वारं हाय. मला त्यात एकदा खेळायचंय. परत जमायचं न्हाई."

नाना मॅपवर वाकले. मग चहा न घेताच उठून गेले. त्यानंतर बापलेकांत बोलणं नाही. संदीपची न माझी तिकिटं काढलेली, ती ठेवायची की रद्द करायची, तेही कुणी बोलेना. आणि मग तो ॲडमिटच झाला.

आज अंत्यविधी उरकल्यावर नानांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. खाव्या लागल्या असत्या तर खाल्ल्या असत्या.

"त्याचं तिकीट माझ्या नावावर हुतंय का?"

"न्हाई होत, नाना."

"मग माझं नवं काढ. पोरगं ज्याच्यापायी खोटं बोललं, ते वारं मला अंगावर घ्यायचंय."

काढतोय, संदीप. नानांना घेऊन जातो. तू आता निवांत श्वास घे.