मागे वळलेल्या बाणाचं बटण

बटणमास्तरांना चुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं, असं निदान बटणमास्तरांचं स्वतःचं मत होतं. एका तिमजली इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक माणूस आत बसला की दुसऱ्याने दारातच उभं राहायचं. तिन्ही भिंतींवर रिमोट टांगलेले: लांबडे, बुटके, काळे, करडे, आणि एक भडक लाल, जो कधीच खपला नाही. पूर्वी मास्तर टीव्ही दुरुस्त करायचे. पुढे लोकांना टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा नवा आणणं सोपं वाटू लागलं, तेव्हा सगळा पसारा आवरून त्यांनी हा रिमोटचा कोपरा तेवढा राखला.

घरातल्या सगळ्या यंत्रांना मिळून एकच रिमोट चालतो, तो बसवून देण्यात मास्तरांचा हातखंडा होता. अशा रिमोटबरोबर एक पुस्तिका येते. तिच्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत कंपन्यांची नावं आणि पुढे आकडे असतात. आपल्या टीव्हीचा आकडा शोधायचा, रिमोटमध्ये भरायचा, की रिमोट त्या टीव्हीचा होतो. मास्तर ती पुस्तिका गिऱ्हाइकासमोरच खणात भिरकावत. "पुस्तिका बघूनच करायचं तर माझ्याकडे कशाला येता?" म्हणत, आणि डोळे मिटून आकडा सांगत. लोक तोंडात बोट घालत.

खरी गोष्ट वेगळी होती. दोन वर्षांपासून मास्तरांना ती अक्षरं चष्मा लावूनही दिसत नव्हती. हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

एक दिवस एक बाई पिशवीतून तीन रिमोट घेऊन आल्या. सासूबाईंसाठी एकच हवा होता.

"त्यांचा उजवा हात गेलाय," बाई म्हणाल्या. "बोलणंही अडखळतं, एकेक शब्द निघतो. टीव्हीचा वेगळा, बॉक्सचा वेगळा, स्पीकरचा वेगळा. डाव्या हाताने एक धरेपर्यंत दुसरा पलंगाखाली जातो. पण डोकं शाबूत आहे हं! आठवड्याच्या औषधांचा डबा अजून स्वतः भरतात. मला हात लावू देत नाहीत."

आता मास्तरांना नावं ठेवायची तर पुढे भरपूर जागा आहे, म्हणून इथे त्यांचं कौतुक करून घेऊ. त्यांनी भिंतीवरचे सात रिमोट काढले आणि त्या सूनबाईंना एकेक डाव्या हातात धरायला लावला. अंगठा वरपर्यंत पोचतो का ते पाहिलं. एक फार हलका, हातातून निसटेल. एकाची बटणं इतकी ताठ की दाबताना सगळा रिमोटच फिरायचा. शेवटी पाठीला रबर असलेला, वालाच्या दाण्याएवढ्या बटणांचा, जरा बोजड रिमोट त्यांनी निवडला. "हा चादरीवर ठेवला तरी घसरायचा नाही," ते म्हणाले. इतक्या आस्थेने लोक मुलीसाठी स्थळसुद्धा बघत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते घरी जाऊन रिमोट बसवून आले. सासूबाई खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. आयुष्यभर एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काम केलेल्या बाई. ओळखीचे सगळे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणायचे. शंभर भोकांचा बोर्ड त्या न बघता चालवायच्या, असं मुलगा अभिमानाने सांगत होता. मास्तरांनी डोळे मिटले, आकडा आठवला, भरला. दिवा लुकलुकला आणि टीव्ही बंद झाला. जमलं! मग त्यांनी आपली नेहमीची चाचणी घेतली: चालू, बंद, आवाज वर, आवाज खाली, चॅनल पुढे. ही पाच बटणं चालली की मास्तरांच्या लेखी जग सुरळीत चाललेलं असायचं.

"नको ती बटणं चिकटपट्टीने झाकून देऊ का?" त्यांनी विचारलं. म्हाताऱ्या माणसांसाठी ते तसंच करत.

ऑपरेटरबाईंनी डावा हात जोरात हलवला. नको. त्यांनी रिमोट मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि अंगठा एकेका बटणावरून फिरवायला सुरुवात केली. मास्तर निघाले तेव्हाही त्यांचं तेच चाललं होतं.

आठवड्याभराने सूनबाईंचा फोन आला. रिमोट बिघडलाय, मधेच सगळं जातं. मास्तर गेले. घरात पाहुणे होते, सूनबाईंची बहीण आणि तिचे यजमान. शेजारच्या काकूही डोकावल्या होत्या. म्हणजे मास्तरांना प्रेक्षक होते, आणि प्रेक्षक असले की मास्तरांना स्फुरण चढे. त्यांनी रिमोट घेतला, पाच बटणं दाबली. पाचही चालली.

"रिमोट ठणठणीत आहे," त्यांनी जाहीर केलं.

ऑपरेटरबाईंनी त्यांच्याकडे हात केला. ओठ जुळवायला त्यांना वेळ लागला. "बाण," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "निळं."

"बाण?" मास्तर म्हणाले. "कसला बाण, आजी?"

"बाण... निळं." त्यांचा चेहरा लाल झाला होता.

मास्तर पाहुण्यांकडे वळले आणि डोळे मिचकावले. "आजी, निळं बघायचं तर खिडकीतून आभाळ बघा की! त्याला रिमोट कशाला?"

सगळे हसले. पाहुणे हसले, काकू हसल्या, मुलगाही हसला. ऑपरेटरबाई सगळ्यांकडे बघत राहिल्या आणि मग त्याही हसल्या, चेहऱ्याच्या ज्या अर्ध्या भागाला हसता येत होतं तेवढ्याने.

"भलतं बटण दाबलं जातं तुमच्याकडून," मास्तर मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाले. त्यांनी खिशातून काळी चिकटपट्टी काढली आणि पाच बटणं सोडून सगळा रिमोट झाकून टाकला. या वेळी बाईंनी हात हलवला नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण दारात चपला घालताना त्यांनी सूनबाईंना चार शब्द सुनावले. रिमोट दुरुस्त करता करता डॉक्टरकी कधी अंगात शिरते ते कळत नाही. "होतं असं या वयात," ते म्हणाले. "आधी बटणं विसरतात, मग बाकीचं. मी खूप घरं बघितलीत. औषधांचं वगैरे जरा तुमच्याच हातात ठेवा." सूनबाईंनी मान डोलावली. मास्तर जिना उतरले आणि वाटेत शीळसुद्धा घातली.

तीन आठवड्यांनी त्याच रस्त्यावरची ब्यूटी पार्लरवाली दुकानाच्या दारात उभी राहिली. हातात तसाच बोजड रिमोट.

"हा काय दिलात मास्तर? परतीचं बटण दाबलं की पडदा निळा होतो! गिऱ्हाइकं बोंबलतात."

"भलतं बटण दाबत असशील," मास्तर सवयीने म्हणाले.

"माझे हात काय भाड्याने आणलेत? चला, डोळ्यांनी बघा!"

तिच्यापुढे कुणाचं काय चालणार! तिने त्यांना चार दुकानं सोडून असलेल्या पार्लरमध्ये जवळजवळ ओढतच नेलं. भिंतीवर टीव्ही होता, अगदी ऑपरेटरबाईंच्या घरातल्यासारखा. तिने एक चॅनल लावलं, दुसरं लावलं आणि पहिल्यावर परत जायचं बटण दाबलं. त्या बटणावर मागे वळलेला छोटासा बाण होता. पडदा निळा झाला. नुसता निळा, कोपऱ्यात दोन पांढरी अक्षरं.

मास्तरांनी स्वतः बाण दाबून पाहिला. पुन्हा निळा.

"ती पुस्तिका बघा ना," पार्लरवाली म्हणाली. रिमोट घेताना तिने ती भांडून मागून घेतली होती. मास्तरांनी ती जवळ धरली, लांब धरली. शेवटी तिनेच हिसकावून घेतली आणि घडाघडा वाचलं. त्या कंपनीच्या नावापुढे नऊ आकडे होते. मास्तरांच्या डोक्यात बसलेला पहिला होता, जुन्या टीव्हींचा. नव्यांसाठी चौथा. तो भरला आणि बाण मुकाट्याने मागच्या चॅनलवर गेला.

"म्हणजे आमचं चुकत नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं," मास्तर म्हणाले.

ते दुकानात येऊन बसले. एक चॅनल धरून ठेवायचं, दुसरं बघायचं, बाणाने परत पहिल्यावर यायचं. जन्मभर एक लाइन थांबवून दुसरी जोडणाऱ्या बाईला सगळ्यात आधी हेच बटण लागणार! आणि त्या बाईने बिघाड जितका नेमका सांगायचा तितका सांगितला होता. बाण. निळं. दोन शब्दांत. तीस वर्षं गिऱ्हाइकांची भारुडं ऐकली, पण इतकी सरळ तक्रार कुणी केली नव्हती. पार्लरवाली भांडू शकली म्हणून तिचं खरं ठरलं. मास्तरांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घेतलं. घरी बायकोने विचारलं, "जेवणात मीठ कमी आहे का?" ते म्हणाले, "नाही," आणि ताटावरून उठले.

सुटीच्या दिवशी दुपारी ते ऑपरेटरबाईंच्या घरी गेले. "इकडून चाललो होतो, म्हटलं सेल बदलून द्यावेत," त्यांनी थाप मारली. मनात ठरलं होतं: गुपचूप आकडा बदलायचा, पट्टी काढायची आणि निघायचं. कुणाला पत्ता लागायचं कारण नव्हतं.

रिमोट पलंगावर नव्हता. सूनबाईंनी तो कपाटावरून काढून दिला. "आता मागतच नाहीत," त्या म्हणाल्या. "आम्हीच लावून देतो काहीतरी. तुम्ही त्या दिवशी बोललात ते बरं झालं. औषधांचा डबाही मी स्वयंपाकघरात माझ्याकडे ठेवलाय. पहिल्यांदा जरा रडल्या. आता गप्प असतात."

ऑपरेटरबाई टीव्हीकडे बघत होत्या. टीव्हीवर कुणीतरी भिंत रंगवायच्या रंगाची जाहिरात करत होतं. डावा हात मांडीवर नुसता पडला होता.

मास्तरांनी पट्ट्या सोलल्या. डिंकाचे डाग राहिले, ते रुमालाने घासून काढले. चौथा आकडा भरला. बाण दाबून पाहिला, तीनदा. रिमोट बाईंच्या हाताशी ठेवला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"चहा?" सूनबाई म्हणाल्या.

"नको, नको." मास्तर जवळजवळ पळालेच. एक जिना उतरले, दुसरा उतरले आणि खालच्या दाराशी त्यांचे पाय अडले. रिमोट दुरुस्त झाला होता. डबा अजून स्वयंपाकघरात होता. तो तिथे नेऊन ठेवणारे हात सूनबाईंचे, पण तोंड मास्तरांचं होतं. ते बराच वेळ तिथे उभे राहिले. वरून कुणीतरी बादली घेऊन उतरलं, त्यांना "काय मास्तर, कोणाकडे?" म्हणून गेलं. मास्तर परत जिना चढले.

दार मुलाने उघडलं. मास्तर पलंगासमोर जाऊन उभे राहिले.

"ते... सेटिंग जरा हललं होतं," ते म्हणाले. "आता बसवलंय."

"हललं होतं म्हणजे?" मुलाने विचारलं.

"म्हणजे आपोआप कधीकधी..."

ऑपरेटरबाईंनी मान वळवली आणि त्यांच्याकडे रोखून पाहिलं. हजारो अनोळखी आवाज कानावरून गेलेल्या बाई त्या. मास्तरांना वाक्य पुरं करता येईना. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, तसं त्यांना अगदी मनापासून वाटलं. पण धरणी काही दुभंगली नाही, पायाखाली फरशीच राहिली.

"आपोआप नाही," ते म्हणाले. "मी चुकीचा आकडा भरला होता, पहिल्याच दिवशी. बाण दाबला की पडदा निळा होत होता. त्यांनी मला तसंच सांगितलं. मी ऐकलं नाही, वर त्यांची थट्टा केली, सगळ्यांसमोर. त्या काहीही विसरल्या नव्हत्या." त्यांनी घाम पुसला. "मला ती पुस्तिका वाचता येत नाही. डोळे गेलेत माझे. माझं झाकायला मी त्यांच्यावर ढकललं."

मुलाने टीव्हीचा आवाज बंद केला, त्यामुळे खोली आणखीच अवघडली. सूनबाईंनी तोंडावर हात ठेवला. मग त्या आत गेल्या, फळीवरून डबा काढल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन त्यांनी तो पलंगावर सासूबाईंच्या डाव्या हाताजवळ ठेवला. "आई, तुमचा डबा," त्या म्हणाल्या.

ऑपरेटरबाईंनी डब्याला हात लावला नाही. त्या मास्तरांकडेच बघत होत्या, आणि ओठ जुळवत होत्या. या वेळी मास्तरांनी दुसरीकडे कुठे बघितलं नाही, डोळे मिचकावले नाहीत, मधे शब्द पुरवला नाही. ते वाट बघत राहिले. शिवी आली तर खायची, हाकललं तर निघायचं, अशी त्यांची तयारी होती.

"मला," त्या म्हणाल्या. बराच वेळ गेला. "मलापण... खरंच... वाटलं... विसरते."