एका हाकेची ओ

आटगाव स्टेशनवर गाडी हलली तरी आई खिडकीबरोबर चालत मला बजावत होती, "थितं तुला वळखणारं कोन नाय. एका हाकेला ओ देऊ नको रे. मानूस असंल तं परत हाक मारंल. दुसरं काय असंल तं एकदाच मारतं."

आमचा पाडा डोळखांबच्या वरच्या अंगाला, घरामागूनच रान सुरू. रानातून ओळखीच्या आवाजात हाक येते आणि ओ देणारा तिच्या मागे जातो तो परत येत नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. पाड्यावर पहिल्या हाकेला कुणीच बोलत नसे. मी निघालो होतो मुंबईला, कॉलेजात. मुंबईत कुठलं आलंय रान, म्हणून मला हसू येत होतं.

शिष्यवृत्त्या मिळत गेल्या आणि साठ सालानंतर मी अमेरिकेत मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोचलो. वेगवेगळ्या मुलखांतली माणसं विचार कसा करतात हा तिथला विषय. पुढे तोच माझा जन्माचा धंदा झाला. पहिला नमुना मीच ठरलो. कानाला हेडफोन लावून बसायचं आणि आपलं नाव आलं की बटण दाबायचं. इतरांचं बोट चटकन जाई, माझं दुसऱ्यांदा नाव येईपर्यंत हलत नसे. प्राध्यापकांनी आधी माझे कान तपासून घेतले. मग मी आईची शिकवण सांगितली तेव्हा खूश होऊन म्हणाले, यावरच प्रबंध लिही. लिहिला. लिहिता लिहिता ती सवयही मोडून काढली, कारण तिथे पहिल्या हाकेला गप्प राहणारा एक तर शिष्ट ठरतो, नाहीतर मठ्ठ. दोन्ही मुलखांत सारखाच वावरणारा माणूस, असं मी स्वतःबद्दल व्याख्यानांत सांगू लागलो. काय तो तोरा!

प्रबंध संपवून सुगीत घरी आलो. उन्हं कलली होती. आई अंगणात नाचणी पाखडत होती, थोरला भाऊ दामूदादा माझ्यासमोर बसून तंबाखू मळत होता. तेवढ्यात वरच्या उतारावरून हाक आली, "भिवाऽ!" आवाज दामूदादाचा.

"ओ!" मी म्हणालो.

दामूदादा माझ्याकडे बघतच राहिला. दुसरी हाक आली नाही. मी घाईघाईने समजावू लागलो की ओढ्यावर कुणी दुसऱ्याला हाक मारली असेल, अर्धवट ऐकलेलं मन आपणच पुरं करतं. ते खरंही आहे, मी तेच शिकवतो. पण बोलताना माझे डोळे उतारावरच होते. आई सूप ठेवून कुंपणापाशी गेली आणि रानाकडे तोंड करून ओरडली, "ओ! मी दिली ओ. त्यानं नाय दिली, मी दिली!"

परत आली ती माझ्याकडे न बघता दामूदादाला म्हणाली, "ह्याला सकाळच्या गाडीत बसव." मग मला, "तू तिकडंच बरा रे. थितं तुला वळखणारं कोन नाय."

होळीच्या आधी ती सरपणाला वर गेली आणि ओढ्यात मेलेली सापडली. पाय घसरला, असं पोलीसपाटील म्हणाले. मीही तेच म्हणतो.

पाड्यातून माझ्यामागे शिकायला बाहेर पडलेल्या पोरांनो, घराची आठवण येते का, असं तुम्ही मला विचारता. इथे माझं नाव कुणाला धड घेता येत नाही, याचंच मला बरं वाटतं. तरी बर्फ पडून सगळं शांत झालं की कधीतरी मागून हाक येते, "भिवा." एकदाच. आवाज आता आईचा असतो. घर म्हणून माझ्याकडे उरलंय ते तेवढंच, आणि मला तिथे धावत जावंसं वाटतं. पण मी ओठ मिटून उभा राहतो. ओ द्यायची नाही, हे तिनेच सांगितलं होतं.