काहीच दिसलं नाही तर

सत्यशीला गजभिये भिलाईच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. आत गेल्यावर गार फरशीला पाय लागला, एसीची घरघर कानात भरली, की आपण तळ्याच्या तळाशी उतरलो असं तिला वाटायचं. १९९५चा तो उन्हाळा तिने बराचसा त्या तळाशीच काढला, एका प्रोग्रामपायी.

तापलेलं लोखंड निवताना त्यातली उष्णता कुठून कुठे सरकते, ते हा प्रोग्राम रंगांत दाखवायचा. परदेशातल्या एका विद्यापीठाच्या मंडळींनी तो लिहिला होता आणि सगळ्यांसाठी मोकळा सोडला होता. घ्या, उघडून बघा, सुधारा, दुसऱ्याला द्या. नागपूरच्या मैत्रिणीने त्याच्या फ्लॉप्या पाठवल्या होत्या.

पण तो सुरूच होईना. सोबतची माहिती जाणत्यांनी जाणत्यांसाठी लिहिलेली. त्यात एका ठिकाणी म्हटलं होतं, 'नेहमीप्रमाणे कॉम्प्युटरवर बसवून घ्या.' नेहमी कसं बसवतात, हेच तर सत्यशीलाला माहीत नव्हतं. ती बसवायची, पडद्यावर काहीच आलं नाही की पुसायची, पुन्हा बसवायची. शेवटी एका दुपारी पडद्यावर मधोमध पिवळा ठिपका उमलला, त्याच्या कडा नारिंगी झाल्या, मग जांभळ्या. ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

आपल्या विद्यार्थ्यांना एवढं अडायला नको, असं तिच्या मनाने घेतलं. आजूबाजूच्या गावांतून येणारी, हिंदीतून शिकलेली ती मुलं कॉम्प्युटरला हात लावायलाच घाबरत. तिने सोप्या हिंदीत पानं लिहिली आणि सोबत शिकवणाऱ्या नरहरी सरांना दाखवली.

"एकदम बढिया, मॅडम. काहीच कमी नाही."

तिला बरं वाटलं, पण घरी जाताना स्कूटरवर तेच डोक्यात घोळत राहिलं. नरहरी सरांना सगळं येत होतं. ज्याला येतं, त्याला अडणार कुठे?

सेक्टर ६मध्ये तिच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये सिंधुताई राहायच्या. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला होता. सिंधुताई मॅट्रिक झालेल्या, हिंदी वाचायच्या, इंग्रजी अक्षरं ओळखायच्या. कॉम्प्युटर त्यांनी कधी पाहिलाही नव्हता.

"काकू, कॉलेजात येता का माह्यासोबत? हे वाचून तुम्ही एक मशीन चालवायची. मी काहीच सांगणार नाही. तुम्ही कुठं अडता, ते मले पाहायचं आहे."

"म्हणजे मी चुकावं म्हणून नेऊन राहिली का मले?"

"व्हय."

सिंधुताई खळखळून हसल्या. "त्यात तर मी पक्की आहो."

इस्त्रीचं लुगडं नेसून त्या आल्या. पहिल्याच ओळीला थांबल्या. "इथं 'प्रोग्राम की जगह पर जाओ' लिहिलं आहे. कुठं जाऊ? मी तर इथंच बसून आहो." सत्यशीलाने ओठ दाबून ती ओळ खोडली. मग एकेक अक्षर शोधत सिंधुताईंनी मशीनला द्यायचा हुकूम टाइप केला, बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

पडद्यावर काहीच आलं नाही. नुसती उघडझाप करणारी रेघ. एसी घरघरत होता.

"काही झालंच नाही ना वो," त्या हळूच म्हणाल्या. "माह्याच हातानं बिघडलं असंल."

सत्यशीलाला एकदम उमगलं. झालं होतं! बरोबर झालं, की मशीन काही बोलतच नाही. चुकलं तरच बोलते. म्हणजे तिचाही प्रोग्राम तेव्हा नीट बसत असणार, आणि ती आपलंच चुकलं समजून तो पुसत राहिली होती. तिने पेन घेतलं आणि लिहिलं : काहीच दिसलं नाही तर घाबरू नका. सगळं नीट झालं आहे. पुढे चला.

सिंधुताई पुढे गेल्या. पडद्यावर साच्यात ओतलेलं पोलाद निवायला लागलं. कडा काळवंडल्या, पोट लालभडक राहिलं. त्या वाकून बघत राहिल्या. त्यांच्या नवऱ्याचा जन्म त्याच कामात गेला होता. प्लांटच्या आत त्या कधी गेल्या नव्हत्या. आकाश तांबडं झालेलं तेवढं अंगणातून दिसायचं.

"हे अशाच्या समोर उभे राहत?"

"व्हय, काकू."

"अन् घरी येऊन गप बसत. मी भांडायची, कावून बोलत नाही म्हणून." त्यांनी पडद्याच्या काचेवर बोट ठेवलं. काच गार होती. "अजून आत लालच आहे."

"आतलं निवाले लय वेळ लागते."

त्या उठेनात. सत्यशीलाने तेच चित्र त्यांना पुन्हा लावून दिलं.

पानं सुधारली गेली, पण सिंधुताईंना आता सगळं येत होतं. त्या कामाच्या राहिल्या नव्हत्या. मग त्यांनीच बोरसीहून आपल्या नणंदेला, कलावतीबाईंना आणलं. त्यांच्यानंतर कॉलेजच्या ऑफिसातले तेजराम आले. जो तो नव्याच ठिकाणी अडला. त्या पानांचं इंग्रजी करून सत्यशीलाने ती त्या परदेशातल्या विद्यापीठाला पाठवली. पुढच्या वर्षीच्या फ्लॉपीत ती पानं सुरुवातीलाच होती.

त्याच वर्षी थंडीत ती एका लग्नाला भंडाऱ्याला जाऊन आली. परतली तेव्हा खोलीतल्या पडद्यावर तिने कधीच न केलेलं चित्र होतं : रेल्वेचं एक चाक, सावकाश निवत असलेलं. समोर जुनवानी गावाहून येणारी साधना बसली होती, वर्गात कधी तोंड न उघडणारी.

"किसने करके दिया?"

"मैंने ही किया, मॅडम. किसी से पूछना नहीं पड़ा."

सत्यशीला तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. चाकाच्या कडेवरून नारिंगी रंग हळूहळू आत सरकत होता. दोघी तो बघत राहिल्या.